कौतिकामावशी आणि आभाळ

आमच्या गल्लीतल्या कौतिकामावशीनं एकदा अंगभर हळद लागलेल्या नवरदेवाला मंडपातून उठवलं आणि आणून माझ्या सोफ्यावर बसवलं. कारण एवढंच, की ढग गडगडला होता.

"मंडपाचे खांब लोखंडाचे हायेत," ती नवरदेवाच्या मामाला म्हणाली. "लग्न उद्या लावायचंय ना? मंग आज जित्ता ठेवा त्याला."

पाठोपाठ पंगतीतली माणसं ताटं घेऊन आमच्या घरात घुसली. कुणी दिवाणावर बसून जेवलं, कुणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. पाऊस म्हणाल तर चार थेंब. सोफ्यावरचा पिवळा डाग काही निघाला नाही.

चिकलठाण्याला विमानतळाच्या मागं आमची वसाहत आहे. मावशी मूळची अजिंठ्याकडच्या एका खेड्यातली. मुलगा इथल्या कारखान्यात लागला म्हणून शहरात आली. पुढं मुलगा पुण्याला गेला, ही इथंच राहिली. एरवी बाई अबोल. भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करायची नाही. पण वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात तिच्यात काहीतरी संचारायचं. आभाळ काळं झालं की पदर खोचून बाहेर. गच्चीवरच्या बायकांना खाली उतरवायची. मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट चालू असेल तर सरळ पिचवर जाऊन उभी राहायची, मग कुणाची काय बिशाद चेंडू टाकायची. लिंबाखाली स्कूटर लावून थांबलेल्या माणसाला, ओळख ना पाळख, म्हणायची, "साहेब, जय भीम. झाड सोडा."

साहेब छत्री दाखवायचे.

"छत्री पाण्याला हाय. इजेला नाय."

उघड्यावर सापडलं तर काय करायचं हे ती स्वतः करून दाखवायची. गुडघे दुखत असूनही रस्त्याच्या कडेला उकिडवी बसायची, टाचा जुळवून, कान झाकून, मान खाली घालून. उठताना मात्र कुणीतरी हात द्यावा लागायचा. समोरचा रमेश तिची नक्कल फार छान करायचा. एकदा गणपतीत त्यानं ती स्टेजवर केली. मावशी पहिल्या रांगेत होती. लोक हसून लोळले, ती मात्र शेवटपर्यंत लक्ष देऊन बघत राहिली. संपल्यावर म्हणाली, "टाचा जुळल्या नाय तुझ्या."

रमेश वैजापूरकडचा. परतीच्या पावसाच्या दिवसांत तो भावाला कापूस वेचू लागायला गावी गेला. दुपारी आभाळ आलं. भाऊ पोती झाकायला धावला आणि रमेश भिजू नये म्हणून बांधावरच्या बाभळीखाली थांबला. भाऊ वाचला.

"मी सांगत व्हते," असं मावशी एकदाही म्हणाली नाही. पंचनामा झाला. रमेशच्या बायकोला, सविताला, आम्ही आळीपाळीनं डबे पोचवले. तिची मुलगी पुन्हा शाळेत जायला लागली, तसे डबे कमी झाले आणि गल्ली आपापल्या कामाला लागली.

मग एका दुपारी पुन्हा आभाळ भरून आलं. मी गच्चीवर कपडे काढत होते. खालून मावशीची हाक येईल म्हणून मनाची तयारी होती, पण हाक आलीच नाही. प्लॉटवर क्रिकेट खुशाल चालू होतं. खाली जाऊन बघितलं तर मावशीच्या दाराला बाहेरून कडी. मला वाटलं, रमेश गेल्यापासून हिनं हा नाद सोडला.

समोर सविताचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि उंबऱ्यात मावशीच्या चपला होत्या. ढकललं, तर ती फरशीवर अंग मुडपून पडली होती, डोकं मावशीच्या मांडीवर. वरच्या कानावर मावशीनं तळवा दाबून धरला होता. गडगडलं की सविताचं सगळं अंग आवळून यायचं. मावशी नुसती "हां, हां," म्हणायची.

पाऊस ओसरल्यावर मी मावशीला घरी सोडायला निघाले. गुडघ्यांमुळे ती हळूहळू चालत होती.

"तुम्हाला कसं कळलं, तिला आज त्रास होईल म्हणून?"

"माझे मालक बी असेच गेले, ताई. चिंचेखाली थांबले व्हते." इतक्या वर्षांच्या शेजारात हे ती पहिल्यांदाच बोलत होती. "तवा सारं गाव आलं. साहेब लोक आले. भाकरी तर इतक्या आल्या, की वाळून गेल्या. पण पुढचं आभाळ आलं ना, तवा कोणी नाय आलं. लोकायला वाटलं, झालं ते झालं. मी लेकराला घेऊन बाजंखाली शिरले. पाऊस गेला तरी भायेर निघाया भ्याव वाटं."

दारापाशी आल्यावर तिनं कडी काढली. "उद्या बी आभाळ हाय म्हणत्यात. मी सवितापाशी बसते. गल्ली तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी खरंच आभाळ आलं. मी गल्लीत उतरले, पण हाक मारायची लाज वाटत होती. शेवटी मारली. पोरं हसली आणि स्टंप उपटून घरी गेली. पलीकडून मावशी भिंतीला हात लावत लावत सविताच्या दारापर्यंत गेली आणि आत शिरून तिनं दार लावून घेतलं.