तात्या आणि अक्षरं कोरणारं मशीन

सदाशिवतात्यांसमोर ‘चालतंय की’ म्हणायची सोय नव्हती. एकदा एका गिऱ्हाइकानं नांगराच्या वाकड्या बोल्टाकडं बघून तसं म्हटलं, तर तात्यांनी तो बोल्ट शेजारच्या उसात भिरकावला आणि त्यालाच शोधायला पाठवलं. “चालतंय म्हणं! सरळ चालतंय का वाकडं, ते सांग की!”

लासुर्ण्याला रस्त्याकडेला तात्यांचं लेथचं वर्कशॉप होतं, आतल्या खोलीत बिऱ्हाड. मी बारामतीत टीव्ही दुरुस्त करायचो. एकदा काही कामानं गेलो आणि बोलता बोलता कॉम्प्युटरच्या हुकमावर अक्षरं कोरणाऱ्या मशीनचं खूळ दोघांच्याही डोक्यात शिरलं. प्रोग्रॅम लिहायला काटेवाडीची रेखा आली. ती बारामतीला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. क्लासनं काढून टाकलेला एक कॉम्प्युटरही तिनंच आणला. भंगारातल्या प्रिंटरांतून मी स्टेपर मोटारी काढल्या, पाऊल टाकल्यागत थांबत थांबत फिरणाऱ्या. लोखंडी सांगाडा तात्यांचा. दर रविवारी मी आणि रेखा लासुर्ण्याला.

तात्या विजेवर चिडायचे, मशीनवर चिडायचे, माझ्यावर तर हक्कानं. “ही वायरिंग हाय का शेवया वाळत घातल्यात?” रेखालाही सुट्टी नव्हती. “कीबोर्ड हळू बडव, म्हशीची पाठ न्हाय ती!” मीही काही कमी तापट नव्हतो. भांडून, हातातलं काम टाकून बऱ्याचदा निघून यायचो. पुढच्या रविवारी परत हजर.

शेवटी उन्हाळ्यात मशीननं निळ्या प्लॅस्टिकवर गावाचं नाव कोरलं. स्वच्छ, सरळ. रेखा टाळ्या पिटायला लागली. इंदापूरला प्रदर्शन भरणार होतं, तिथं न्यायचं ठरलं. तात्या मात्र तोंड पाडून बसले. “बघू,” एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी तेच मशीन बिघडलं. शेवटची अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. “तुझी मोटार पावलं चुकती!” तात्या माझ्या नावानं ओरडत राहिले. मी सर्किट बदललं, रेखानं प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. तोवर प्रदर्शन होऊन गेलं.

मग मी मोटारीजवळचं झाकण काढलं. दांड्यावर पुली घट्ट धरणारा स्क्रू सैल होता. गावाचं नाव कोरलं त्या दिवशी मीच तो करकचून आवळला होता, आणि वर्कशॉपची किल्ली एकट्या तात्यांकडं.

माझं डोकंच फिरलं. “तात्या, हे तुम्ही केलंत?”

“माझं वर्कशॉप! तू कोण इचारणारा?”

“आमचं प्रदर्शन बुडवलंत तुम्ही!”

“व्हय, बुडवलं!” तात्या ओरडले आणि एकदम त्यांचा आवाज खाली आला. “मशीन झाल्यावर तुमी कशाला याल हितं? तुझी काकी गेली, पोरगं नाशकाला. घरात भांडाय तरी कुणी हाय का?”

मी हातातलं झाकण खाली ठेवलं. रेखा मात्र तात्यांच्या वरताण भडकली.

“आम्ही मशीनसाठी येतो असं वाटलं तुम्हाला? तात्या, मशीनंच बघायची तर क्लासात काय कमी आहेत? परत असलं केलंत तर बोलणार नाही तुमच्याशी!”

तात्यांनी मान खाली घालून स्क्रू आवळला. फडक्याला हात पुसत आतल्या खोलीत गेले. भांड्यांची आदळआपट सुरू झाली. थोड्या वेळानं आतून आवाज आला,

“पिठलं टाकलंय! जेवल्याबिगर कुणी गाडीला किक मारली तर बघा!”