तीनदा हात वर

दान निरपेक्ष असावं, असं माझं पूर्वीपासूनचं ठाम मत आहे. विशेषतः दुसऱ्याचं!

त्यामुळे चर्चच्या गळक्या छपरासाठी भोजन आणि लिलाव ठरला, तेव्हा मी शांत डोक्याने बेत आखला. जेवणाची तिकिटं बायकोने आधीच घेतली होती. आपण जायचं, सूप प्यायचं, भाजलेली कोंबडी खायची, बोली लावणाऱ्यांसाठी टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. खिशात पैसे होते, पण ते गादीचे. वर्षभर माझी कंबर जुन्या गादीतल्या खड्ड्यात मुक्कामाला होती. उद्या सकाळी नवी गादी आणायची, दुकानदाराशी बोलणं पक्कं झालेलं!

"अहो, हात खाली ठेवायचे," बायकोने हॉलच्या दारातच बजावलं. "गेल्या वर्षी घाम पुसायला हात वर केलात आणि आपण पक्ष्याचा पिंजरा घेऊन घरी आलो."

"पिंजरा चांगला आहे."

"कांदे ठेवतोय आपण त्यात!"

सूप आलं आणि पाठोपाठ फादर माझ्या खुर्चीशी वाकले. "एक काम होतं. सगळ्यात शेवटी सुतारकाकांचा बाक आहे."

चर्चचं प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी चाळीस वर्षं या काकांनी दुरुस्त केली. यंदा निवृत्त झाले, तर स्वतः एक बाक करून लिलावाला दिला. आठ माणसं ऐसपैस बसतील एवढा लांब, आणि जड असा, की आधी बाक ठेवून मग भोवती हॉल बांधला असावा! काका पुढच्याच टेबलाशी नवा कोट घालून बसले होते. जेवत नव्हते. येणारा-जाणारा बाकाकडे बघतो का, एवढंच बघत होते.

"कोणी बोलीच लावली नाही, तर काकांना किती लागेल!" फादर कुजबुजले. "तुम्ही फक्त तीनदा हात वर करा. जरा वातावरण तापेल. पुढे कोणी ना कोणी घेईलच."

"कोण?"

"देवाची माणसं पुष्कळ आहेत," असं म्हणून ते दातांच्या डॉक्टरांच्या टेबलाकडे गेले आणि तिथेही वाकले. दाढ दुखत असेल, मला वाटलं.

"काय म्हणत होते?" बायको.

"सूप कसं झालंय विचारत होते."

लिलाव पुकारत होते गायनमास्तर. फुलदाणी गेली, टेबलक्लॉथ गेला, एक छत्रीसुद्धा गेली. मग बाक आला. म्हणजे तो होता तिथेच होता, मास्तर त्याच्याकडे गेले. हॉलमध्ये चमचेसुद्धा थांबले. काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

पहिला मान दुसऱ्याला द्यावा, हे माझ्यावरचे संस्कार. मी थांबलो. डॉक्टरांचा हात वर गेला! खरं गिऱ्हाईक! मी निश्चिंत मनाने हात वर केला. डॉक्टरांनी लगेच बोली चढवली. मी चढवली.

"अहो!" बायकोच्या हातातला काटा माझ्या दिशेने वळला.

"अगं, डॉक्टर घेतायत. बघ कसे पेटलेत!"

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा हात वर केला आणि हत्यारं ट्रेमध्ये ठेवावीत तसा अलगद टेबलाखाली नेला. माझा एक हात शिल्लक होता. शब्द तो शब्द! शिवाय काका माझ्याकडेच बघत होते. केला वर.

"एक..." मास्तरांनी सूर लावला.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर, आपल्याला बघायला लावतात तसे, छताकडे बघत होते.

"दोन... तीन!"

टाळ्या! काका उठून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "कोणी घेईल असं वाटलं नव्हतं हो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची डागडुजी केली. माझं असं हे पहिलंच."

डॉक्टरही आले. "अभिनंदन! मला फादरांनी तीनदाच सांगितलं होतं. तुम्हाला मनापासून हवा होता वाटतं?"

माझा हात अजून काकांच्या हातात होता.

"केव्हापासून!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने आणि चार माणसांनी मिळून बाक आमच्या जिन्यापर्यंत आणला. वळणावर अडकला. उभा करून झाला, आडवा करून झाला, मेव्हण्याला चेपून झाला. शेवटी सोबत आलेल्या काकांनी टेप काढून माप घेतलं. "दोन फूट कापावा लागेल," ते म्हणाले. आवाज असा, की जणू पोटच्या पोराचा पाय कापायचा आहे.

"नको हो काका," बायको म्हणाली. "चर्चमध्येच ठेवा. तिथेच शोभेल." मग जिना चढताना मला म्हणाली, "गादी आता पुढच्या वर्षी."

बाक सध्या शेवटच्या रांगेत आहे. याच रांगेत मी वीस वर्षं फुकट बसत आलो. प्रार्थना सुरू होण्याआधी काका पुढून एकदा मागे वळून बघतात, मी मान हलवतो आणि त्यांचा रविवार चांगला जातो.

गेल्या रविवारी कंबर धरली होती, म्हणून पोचायला उशीर झाला. बाकावर जागा नव्हती.