ओरसायच्या वाळूवरचा गुडघा

आमच्या बेटांवर भरती-ओहोटी माझ्याइतकी कोणाला कळत नाही, असं मी इशबेलला छातीठोक सांगितलं होतं. इशबेल म्हणजे जिला लग्नाचं विचारायला मी कधीपासून धीर गोळा करत होतो, ती. बेत झकास होता. शनिवारी दोन कयाक होड्या घेऊन ओरसाय बेटावर जायचं, तंबू ठोकायचे, आणि रविवारी सकाळी गुडघा टेकून विचारायचं. चारही बाजूंना पाणी, चिटपाखरू नाही. ऐनवेळी माझाच धीर सुटला तरी पळायला जागा नको!

तिच्या वडिलांनी, फार्करकाकांनी, दोन अटी घातल्या. तंबू दोन हवेत, आणि रविवारी वल्हं पाण्यात पडता कामा नये. काका चर्चमधलं बडं प्रस्थ, रविवारी देवाशिवाय सगळी कामं वर्ज्य मानणारे. रविवारी त्यांच्या घरी किटलीसुद्धा दबकत उकळते. मी लगेच कबूल झालो. दिवसही मुद्दाम वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीचा निवडला, म्हणजे कयाक थेट गवताला लागतील, ओढाओढ नको. इशबेल मध्येच काहीतरी सांगू पाहत होती, पण मी नकाशात डोकं खुपसून बसलो होतो.

शनिवारी सगळं ठरल्यासारखं झालं. पाण्यानं आम्हाला अगदी गवताच्या कडेला आणून सोडलं. मी इशबेलकडे असं पाहिलं, जणू समुद्र मीच भरला होता.

रविवारी तंबूची चेन उघडली आणि थिजलोच. समुद्र नव्हता! नजर पोचेल तिथवर नुसती ओली वाळू, आणि तिच्यात अख्खं आभाळ उतरलेलं. पक्षी ढगांवरून चालत होते. जन्म इथे गेला, पण असं काही पाहिलं नव्हतं. ऊर भरून आला. इशबेल अनवाणी बाहेर आली आणि त्या आभाळात पाय ठेवून उभी राहिली. म्हटलं, हीच वेळ. गुडघा टेकला, लाजून डोळे मिटले.

"टॉरमॉड," ती हळूच म्हणाली, "मागे बघ."

काळे कोट घातलेलं अख्खं गाव वाळूवरून चालत येत होतं. पुढे फार्करकाका. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यात मोठ्या भरतीच्या पाठोपाठ सगळ्यात मोठी ओहोटी येते, आणि त्या रविवारी आमचं गाव पायी ओरसायवरच्या पडक्या चर्चमध्ये प्रार्थनेला येतं. लहानपणी मीही आलो होतो, आजोबांच्या खांद्यावर, गाढ झोपेत; मोठेपणी मात्र चर्चला दांडीच मारत आलो.

उठायला गेलो, पण उशीर झाला होता. आमच्याकडे प्रार्थना उभ्यानं करतात. वाळूत गुडघा टेकलेला माणूस म्हणजे ज्याला साक्षात देव भेटला तो. काकांनी टोपी काढली.

"मी या पोराला उगाच उनाड समजत होतो," ते म्हणाले.

मग त्यांनी स्तोत्राची पहिली ओळ उचलली आणि मागून गावानं ती झेलली. वारा नाही, पाणी नाही; त्या उघड्या वाळूवर ते सूर लाटांसारखे अंगावर येत राहिले. मी खरोखरच प्रार्थना करायला लागलो, आधी इशबेलसाठी, मग गुडघ्यासाठी. स्तोत्र लांबलचक होतं.

संपल्यावर इशबेल मला उठवायला वाकली. "हो," ती कानात म्हणाली. "पण बाबांना खरं सांगितलंस, तर नाही."

नाही सांगितलं. सासरेबुवा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला जावयाची भक्ती ऐकवतात. दरवर्षी त्या ओहोटीला सगळं गाव टोप्या काढून वाळूवर थांबतं, मी खाली बसण्याची वाट बघत. स्तोत्र तेच आहे. गुडघा मात्र आता पहिल्यासारखा राहिलेला नाही.