मिरजोळ्याची कूलरस्वारी

हेदवीच्या दशभुजा गणरायास मुजरा करून आणि मन घट्ट करून हा लिहिणार हकीकत लिहितो ऐसी, की थोरांच्या मूर्खपणाची नोंद न ठेवावी तर पुढील पिढीस थोर शहाणे होते ऐसे वाटेल. सबब हा लेखनप्रपंच.

रत्नागिरीनजीक मिरजोळे येथे राजश्री भागोजीराव मांडवकर मुंबईची चाकरी पुरी करून, चिऱ्याचे घर बांधून, पत्नी मथुराबाईंसह नांदत होते. त्यांची एकुलती कन्या सानिकाबाई चंद्रपूरचे राजश्री गुलाबराव ढवस यांच्या पुत्रास दिली होती, आणि जोडपे पुण्यास नोकरी करीत होते. मग ईश्वरकृपेने सानिकाबाईंस दिवस गेले, आणि सातव्या महिन्यात, ऐन वैशाखात, डोहाळजेवण मिरजोळ्यास करण्याचे ठरले, आणि बाळंतपण आषाढात येणार हे उघड होताच दोन मुलखांत वैर पेटले.

गुलाबरावांचे म्हणणे ऐसे पडले, की सूनबाईंनी चंद्रपुरास यावे. कोकणचा आषाढ म्हणजे भिंतीस बुरशी, मिठास पाणी आणि लेकराची दुपटी ओलीच ओली. आपला मुलूख काळ्या मातीचा, सागवानाचा, कोळशाच्या खाणींचा, आणि तेथील हवा कोरडी खडखडीत. "आमच्या इकडं माणूस वाळते, पण कुजत नाही," हे त्यांनी फोनवरून व्याह्यांस कळविले. येथे इतुकेच नमूद करणे आहे, की हे सूर्याचे परमभक्त होळी आटोपताच वाळ्याच्या पडद्याआड शिरत, ते मृग निघेतो दुपारी दाराबाहेर नाकही काढीत नसत.

भागोजीरावांनी उलट जबाब धाडिला, की "आमच्याकडं माणूस भिजतो, करपत नाय." आपला मुलूख दर्याचा, वाऱ्याचा, हिरव्या डोंगरांचा, आणि चंद्रपुरास सालभर पुरेल इतुके पाणी आम्ही पंधरवड्यात समुद्रास सोडून देतो. हे मात्र अक्षरशः खरे होते. सोडूनच देत. कातळावरून पाणी उतारास लागे आणि खाडी गाठी आणि मागे उरे तो केवळ अभिमान. हा जबाब गेला तेव्हा दारी टँकर उभा होता, आणि भागोजीराव एका हाती फोन व दुसऱ्या हाती हंडा धरून पर्जन्याची थोरवी गात होते.

सानिकाबाईंस कोणी काही विचारले, ऐसा दाखला कोठेही सापडत नाही.

मग गुलाबरावांनी मसलत केली, की कोरड्या मुलखाचा थंडावा शत्रूच्या दिवाणखान्यातच दाखवावा आणि सूनबाईंचे मन वळवावे. त्यांनी घरचा पत्र्याचा थोरला कूलर गाडीच्या टपावर तोफेप्रमाणे बांधला आणि पत्नी इंदुबाईंस मागे बसवून कूच केले. विदर्भ मागे पडला, मराठवाडा मागे पडला, आणि आंबा घाट उतरताच सदरा जो पाठीस चिकटला, तो परतेपर्यंत सुटला नाही. इंदुबाईंनी वाटेत वारंवार सुचविले, की ही वस्तू तिथे चालणार नाही. थोर सेनापती बायकोचे ऐकत नसतात, म्हणूनच बखरींस मजकूर मिळतो.

डोहाळजेवणाचे दिवशी दिवाणखाना सुवासिनींनी भरला. सानिकाबाईंस फुलांचे दागिने घालून हाताच्या खुर्चीत बसविले. गुलाबरावांनी कूलर खिडकीत चढविला आणि पाणी आणण्याचे फर्मावले. मथुराबाईंनी टँकरचे राखून ठेवलेले हंडे त्या यंत्राच्या पोटी जाताना पाहिले. मग कळ दाबली आणि यंत्र गर्जना करू लागले.

चंद्रपूरची हवा तहानलेली. ती पाणी पिते आणि मोबदला म्हणून थंडावा देते. मिरजोळ्याची हवा आधीच पिऊन तर्र. तिने ते पाणी जैसेचे तैसे माणसांच्या अंगावर टाकले. घटकाभरात दिवाणखान्याची न्हाणी जाहली. पानांत वाढलेले पापड लोळू लागले, बायकांची पावडर ओघळून गळ्यात उतरली, आणि खुद्द गुलाबराव नखशिखान्त भिजले. तरी माघार नाही. "सुरुवातीले असंच वाटते. थोडं थांबा, मंग मजा येते," ऐसे ते कपाळ पुसत सर्वांस सांगते झाले.

तोच सानिकाबाईंचे डोळे फिरू लागले. ओठ पांढरे पडले आणि त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. अशा समयी शहाण्याने पाणी आणावे. भागोजीरावांच्या मुखावर विजय फुलला. व्याह्यांचे यंत्र हरले ऐसे जाहीर करून त्यांनी हुकूम सोडला, की खुर्ची अंगणात न्यावी, तेथे दर्याचा वारा आहे. वास्तविक त्या दुपारी झाडाचे पान हलत नव्हते आणि अंगणातला चिरा तव्यासारखा तापला होता. गुलाबराव म्हणाले, बाहेर नेऊ नका, कूलरसमोर आणा. मग एकाने खुर्चीचा उजवा हात धरला आणि दुसऱ्याने डावा, आणि एक बाहेर ओढी आणि दुसरा आत, आणि खुर्ची सानिकाबाईंसह उंबऱ्यावर अडकली.

सानिकाबाई हळूच म्हणाल्या, "थांबा. मी उठते, मग खुर्ची हवी तिथं न्या."

त्या उठल्या. मथुराबाईंनी धावून खांद्यास आधार दिला.

"दोन महिने हवेवरून भांडताय. मला एकदा तरी विचारलंत? मला बाळंतपण आईजवळ करायचंय. आई चंद्रपुरात राहत असती, तर मी चंद्रपुरास आले असते."

गुलाबराव खुर्ची न सोडता बोलले, "अन् पावसाचं काय मंग?"

"पाऊस पडेल, बाबा."

भागोजीराव हसणार, तोच सानिकाबाई त्यांच्याकडे वळल्या. "अप्पा, तुम्ही जिंकला नाय. मला चक्कर आली तेव्हा तुम्ही खूश झालात. मी बघितला." भागोजीरावांची मान खाली गेली आणि हातून खुर्ची सुटली.

इंदुबाईंनी पुढे होऊन कूलरची कळ बंद केली. त्या गर्जनेनंतरच्या शांततेत त्या पतीस म्हणाल्या, "माह्यं पहिलं बाळंतपण मायच्या घरी, भद्रावतीले झालं. तवा तुम्ही हवा नव्हती पाहिली." आणि सुनेस म्हणाल्या, "तू राय इथंच. मी येतो आषाढात, मथुराबाईच्या मदतीले." मथुराबाईंनी त्यांचा हात धरला. येणेप्रमाणे तह जाहला, आणि उभय सरदारांस सुवासिनींना सरबत देण्याच्या कामगिरीवर नेमिले, आणि हवा हा शब्द त्यांच्या तोंडी पुनः येऊ नये ऐसी सक्त ताकीद दिली.

मागल्या पडवीत गार लादीवर मथुराबाईंनी लेकीस निजविले आणि पुसले, "काय खावासा वाटतंय तुला?" डोहाळे पुरविण्यास जमलेल्या त्या अवघ्या दरबारात हा प्रश्न प्रथमच निघाला.

"काय नको. कपाळावरचा हात काढू नको."

आणि त्या निजल्या. पडवीच्या दाराशी भागोजीराव व गुलाबराव एकाच बाकावर घामाने निथळत बसले होते. दोघेही पुठ्ठ्याने वारा घेत होते, आणि तिची झोप मोडेल म्हणून पुठ्ठा सावकाश हलवीत होते. दोन महिन्यांच्या मोहिमेत त्यांच्या हातून घडलेले शहाणपणाचे कृत्य हे एवढेच.

फत्ते सानिकाबाईंची जाहली, ऐसे येथे दर्ज केले असे. मोर्तब.