डाव्या कुशीची शिवण

त्या सोमवारी सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. दोष शर्टाचा आहे.

डाव्या कुशीत, बगलेच्या जरा खाली काहीतरी चुरचुरत होतं. हात लावून पाहिलं तर वर काहीच नाही. ना पुरळ, ना ओरखडा. दुसऱ्या कुणी डासावर संशय घेतला असता, फार तर ॲसिडिटीवर. पण मी पडलो टेलर. उभं आयुष्य लोकांची मापं काढण्यात गेलं. (गिऱ्हाइकं मला मास्टर म्हणतात. घरात ही पदवी चालत नाही.) माणसाला काही टोचलं तर ते कापडातूनच टोचतं, अशी माझी ठाम समजूत. आणि तो शर्ट कापला होता मी, शिवला होता बायकोने.

आमचं दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा. मी कापतो, ती शिवते. कटिंग बिघडलं की गुन्हेगार मी, शिलाई बिघडली की ती. आजवर गुन्हेगार दर वेळी मीच निघालो होतो. तेव्हा ही संधी सोडणं शक्यच नव्हतं.

"अगं, या शर्टाची कुशीची शिवण टोचते," मी शक्य तितक्या सौम्य आवाजात म्हणालो.

तिने मशीन थांबवलं. "काय म्हणालात?"

"टोचते. आत माया जास्त सोडली गेलीय बहुतेक." (शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो.)

"माझी शिवण टोचते?"

"तसं नाही, म्हणजे तशीच, पण..."

"काढा तो शर्ट."

तिने ब्लेड घेऊन अख्खी कूस उसवली, माया कमी केली, पुन्हा शिवली आणि इस्त्री फिरवून शर्ट माझ्या अंगावर फेकला. दुसऱ्या दिवशी चुरचुर जास्तच. तिने पुन्हा उसवली आणि आतून मऊ अस्तराची पट्टी लावली. तिसऱ्या दिवशी तर कुशीतून कुणी गरम इस्त्री फिरवतंय असं वाटायला लागलं. मग मी बनियनला दोष दिला, चादरीला दिला, आणि शेवटी दोऱ्याच्या नव्या रिळालाही.

"दोरा जुनाच आहे," ती दात आवळून म्हणाली. शाळेच्या गणवेशांचा ढीग तसाच पडला होता आणि घरातली सगळी कारागिरी माझ्या एका शर्टावर खर्च होत होती. "उघडे बसा, बघू दे मला काय टोचतंय ते."

मी उघडा बसलो. ती मागे गेली आणि तिने माझा डावा हात वर उचलला. 

"अहो," ती हळू म्हणाली, "ही शिवण शर्टाला नाही, तुम्हाला आलीय."

आरशात पाहिलं. पाठीपासून छातीपर्यंत, डाव्या अंगाने, कुणी लाल दोऱ्याने कच्चा टाका घालावा तशी फोडांची रांग उठली होती.

डॉक्टरीणबाईंनी पाहताक्षणी निकाल दिला. "नागीण आहे. दुखायला कधी लागलं?"

"झाले तीन-चार दिवस."

"मग एवढे दिवस काय करत होतात, मास्टर?"

"शर्ट दुरुस्त करून घेत होते," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि उतारवयात अंगातला जोर कमी झाला की उठून बसतो. फोड उठल्या उठल्या आलात हे नशीब, म्हणाल्या, गोळ्या लगेच सुरू करा. "आणि यावर लस आहे. पन्नाशीनंतर घ्यावी. दोन डोस, मध्ये काही महिन्यांचं अंतर. तुम्ही पूर्ण बरे झालात की घ्या, कारण ही पुन्हाही होऊ शकते." मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा. कांजिण्या तुम्हालाही झाल्या असतीलच."

बायको "बघू" म्हणाली.

संध्याकाळी मेहुणा समाचाराला आला. जगातल्या सर्व रोगांची त्याला माहिती असते, फक्त औषधांची नसते. "भावजी, एकच सांगतो. नागिणीची दोन टोकं एकमेकांना मिळू देऊ नका. मिळाली की कारभार आटोपला!" असं म्हणून त्याने चहा संपवला आणि तो निघून गेला.

आता मापं काढणं हा तर माझा धंदा. मी आरशासमोर उभा राहून फोडांच्या रांगेला टेप लावला. सकाळी माप, जेवणाआधी माप, जेवणानंतर माप. (जेवणानंतर माप वाढलं, म्हणून मला दरदरून घाम फुटला. पोट भरलं की घेर वाढतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.) शेवटी बायकोने डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या कानाला दिला.

"मास्टर, ही शरीराच्या एकाच बाजूला राहते. टोकं मिळतात वगैरे सगळं खोटं आहे. टेप खाली ठेवा."

टेप बायकोने जप्त केला. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं असलं तरच मिळेल, तेही तिच्यासमोर.

विनोद बाजूला ठेवून सांगतो, ते दुखणं भयंकर होतं. पंख्याचा वारा लागला तरी मी कळवळायचो. फोड सुकून गेले, खपल्या पडल्या, तरी आतली आग विझेना. मी इतका कण्हायचो की ट्रायल रूममधलं गिऱ्हाईक दचकून विचारायचं, "मास्टर, पॅन्ट एवढी वाईट दिसतेय का?" बायको दुकान सांभाळायची, माझी औषधं आणायची आणि मशीनही चालवायची. एकदा औषधं घेऊन आली त्या संध्याकाळी ती लवकर आडवी झाली. अंग दुखतंय, कणकण आहे, म्हणाली. मी लगेच विचारपूस केली. "बरं, झोपण्याआधी माझी पाठ जरा बघतेस का?" ती उठली आणि डावा हात अंगाशी धरून उजव्या हाताने मलम लावून गेली.

त्याच आठवड्यात मी पडद्याआडून तिला पाहिलं. मशीनवर वाकून ती कॉलर लावत होती. माझ्या मनात आलं, ही आग उद्या हिच्या कुशीत पेटली तर? ही कण्हणारसुद्धा नाही. ओठ दाबून मशीन चालवत राहील आणि मला शेवटपर्यंत कळणार नाही.  त्याच क्षणी मी ठरवलं, काहीही होवो, हिला लस द्यायचीच.

"उद्या जाऊन लस घेऊन ये," मी फर्मावलं.

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. ते बटण द्या इकडे."

मी हार मानणाऱ्यातला नाही. तिचं मन वळवायचं तर तिला आधी खूश ठेवायला हवं. मी सकाळी उठून चहा करायला लागलो. दुकानातल्या चिंध्या झाडायला लागलो. गणवेशांची बटणं लावायला लागलो, जे काम मी आयुष्यभर टाळत आलो होतो. चहाचा कप हातात देताना रोज न चुकता विचारायचो, "मग? आज जायचं का?" ती एक घोट घ्यायची, "साखर कमी आहे" म्हणायची आणि "बघू." मी गिऱ्हाइकांमार्फतही दबाव आणला. एका गृहस्थांच्या छातीभोवती टेप गुंडाळून मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पन्नाशीनंतर लस घ्यावी की नाही? बोला!" ते घाबरून हो म्हणाले. पुन्हा काही ते दुकानात फिरकले नाहीत.

असे काही महिने गेले. माझी आगही हळूहळू शांत झाली. मग एके दिवशी तीच म्हणाली, "एवढं मागे लागताय, आधी तुम्ही का नाही घेत?"

इथे माझी पंचाईत झाली. मी दिवसभर सुई ओठात धरतो, पण ती स्वतःच्या अंगात गेलेली मला सोसत नाही. पण प्रश्न तिच्या कुशीचा होता. "घेतो," मी म्हणालो. "पण तूही माझ्याबरोबर यायचं आणि घ्यायची. शब्द दे."

"दिला."

मी जिंकलो होतो! वाटेत मी तिला चारचौघांना ऐकू जाईल एवढ्याने धीर देत होतो. "घाबरू नकोस, मी आहे ना." दवाखान्यात नर्सने आम्हाला बसवलं आणि बायकोकडे बघून हसली.

"काकू, अगदी वेळेवर आलात. तुमचा आज दुसरा डोस ना? आणि काकांचा पहिला?"

मी नर्सकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती डाव्या हाताची बाही वर सारत होती.

"पहिला कधी घेतलास?"

"तुमची औषधं न्यायला आले होते तेव्हाच. कणकण आली होती बघा एकदा, ती त्याचीच."

"आणि मी इतके महिने तुला समजावतोय!"

"समजवायला काय होतं त्यात? घरात तुम्ही अहोरात्र कण्हत होतात. मी ते ऐकूनच धावत आले होते."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं," ती सुईकडे न बघता शांतपणे म्हणाली, "तर सकाळचा चहा कुणी केला असता?"

 तेवढ्यात नर्सने माझ्या दंडात सुई टोचली. मी जे ओरडलो ते म्हणे बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. बायकोने मात्र डोस घेतला आणि मला हात धरून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दंड ठणकत होता, अंगात कणकण होती. शर्ट घालायला घेतला आणि बाही वर चढवताना जीव कासावीस झाला. पडद्यापलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला.

"काय झालं? बाही टोचतेय का? उसवून देऊ?" आणि पडद्याच्या फटीतून ब्लेड धरलेला एक हात पुढे आला.

मी बाही तशीच वर ओढली. चहाला आधण ठेवलं आणि साखर एक चमचा जास्त घातली.