रोजाकाकीच्या वाढदिवसाचा झेंडा

आमच्या राजोडीचा पास्कूकाका कुठल्याही देशाची पारख झेंड्यावरून करी. तीस वर्षं परदेशी बोटींवर स्वयंपाकी होता ना!

"अमेरिका? सलूनावर झेंडा, पेट्रोलपंपावर झेंडा! रोज लावतात येडे. इंग्रज? राजाची मिरवनूक असंल तर गल्लीभर कागदाचे झेंडे, दुसऱ्या दिशी सगले कचऱ्यात. पन डेन्मार्क, मास्तर! घरच्या बाईचा वाढदिवस असला तरी अंगनात झेंडा चढतो. केकवर पन!"

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी शाळेचा हेडमास्तर, म्हणून शाळेचा तिरंगा माझ्या ताब्यात. एके दिवशी काका दारात उभा.

"येत्या मंगलवारी झेंडा द्या. रोजाचा वाढदिवस हाय."

मी हसलो, तसा तो भडकला. रोजाकाकी त्याची बायको, वर्षभर अर्धांगवायूने खाटेला खिळलेली. आमच्याकडे जन्मतारीख ठाऊक असते कुणाला? पण या गड्याने तीनदा चर्चमध्ये जाऊन, फादरांचं डोकं खाऊन, बाप्तिस्म्याच्या दप्तरातून तारीख काढली होती.

"काका, आपल्याकडे ठरलेल्या दिवशीच झेंडा लागतो. सरकारी कागद आहे तसा."

"डेन्मार्कात..."

"ही राजोडी आहे!"

"समदी बंदरं पायाखाली घातली मी," तो म्हणाला. "पन बायको जलमली कवा, ते कदी इचारलं नाय. आता इचारतो, तर तिला धड बोलता येत नाय. चढवनार म्हंजे चढवनार!"

मंगळवारी सकाळी त्याच्या वाडीत काहीतरी फडफडताना दिसलं. कुठून पैदा केला याने तिरंगा? आता माझी नोकरी जाणार! धावतच अंगणात शिरलो.

पोफळीच्या खांबावर रोजाकाकीचं लग्नातलं लाल लुगडं चढलं होतं. खाली काका, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, टाचा जुळवून.

"यो काय तिरंगा हाय? काढा तुमचा कागद!"

खाट दाराशी ओढलेली होती. काकी जड जिभेने करवादली, "लाज नाय ह्यास्नी! माजं लुगडं... सगला गाव बगतोय..."

काका एकदम हिरमुसला. एवढा हट्टी माणूस, पण मुकाट्याने दोरी सोडू लागला.

तेव्हा काकीने आपला धड असलेला हात वर केला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "अजून थोडं बगू दे."