नकार कोणत्या प्रकारचा?

मुलीकडून नकार आला की मुलाकडची माणसं गप्प बसतात, फार तर मध्यस्थावर चिडतात. आमचे मधुभाऊ इंगळे फोन लावतात. "जयभीम काका. नकार भेटला. फक्त येवढं सांगा, नकार कोणत्या प्रकारचा हाये? जागा आधीच भरली, का परवानगी नाही, का दुसरंच काही?" पलीकडचे काका गांगरतात आणि फोन बायकोकडे देतात. काकूंनाही तोच प्रश्न. एका मुलीच्या बापाने वैतागून खरं कारण सांगून टाकलं, "तुम्ही फार बोलता!" मधुभाऊ खूश. "आता कसं! नुसतं 'नाही' म्हटलं तं माणसानं सुधारावं काय?"

मेहकरला आमचं लहानसं ऑफिस आहे. दुकानदार, दवाखाने, शाळा यांना लागेल ते सॉफ्टवेअर आम्ही लिहून देतो. मधुभाऊ तिथले सर्वांत जुने, चाळिशी गाठलेले. स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की आम्हाला घाम फुटतो. मधुभाऊ खुर्ची पुढे ओढतात. "थांबा, ते काही सांगून राह्यलं."

डोणगावच्या एका फोटो स्टुडिओचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक लग्नाचं एक फोल्डर बनवायचं आणि त्यात फोटो टाकायचे, इतकंच. मी सरळ लिहिलं: फोल्डर आहे का पाहा, नसेल तर बनव. लग्नसराईत स्टुडिओतले दोन कॉम्प्युटर एकाच लग्नाला एकदमच भिडले. दोघांनी पाहिलं, फोल्डर नाही. एकाने बनवलं. दुसरा बनवायला गेला तर तिथे आधीच तयार! तो हबकला आणि हळदीच्या फोटोंपाशीच बंद पडला.

"ताई, तुम्ही एसटीत कशा चढता?" मधुभाऊंनी विचारलं. "खिडकीतून रिकामी जागा दिसली म्हणून आरामात दारातून गेल्या, तं तोवर तिथं कोणाचा तरी रुमाल पडलेला असते का नाही? पाहणं अन् बसणं याच्या मधात जग बदलते. म्हणून आधी विचारत नोका बसू, सरळ बनवा. 'आधीच हाये' असं उत्तर आलं तं ते चूक नोहे. आपलं काम कोणी तरी करून ठेवलं. पुढं चला."

मी ते मनावर घेतलं, जरा जास्तच. कोणतीही चूक आली तरी गप्प पुढे जा, असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याचा फोन: प्रोग्रॅम 'झालं' म्हणतो आणि फोटो कुठेच नाहीत! त्यांनी नवी डिस्क लावली होती आणि तिच्यावर लिहायची परवानगीच नव्हती. कॅमेऱ्याच्या कार्डात फोटो शाबूत होते म्हणून निभावलं.

मधुभाऊंनी कपाळाला हात लावला. "सगळ्याच चुका गिळल्या काय? 'आधीच हाये' म्हटलं तं पुढं जा, पण ते खरंच फोल्डर हाये का त्याच नावाची दुसरी फाइल, येवढं पाहून. अन् 'परवानगी नाही' आलं तं थांबा. तिथं जोर नाही करायचा, अन् 'झालं' असं खोटं तं बिल्कुल नाही सांगायचं."

हा नियम ते सगळीकडे चालवतात. आमच्या घरी कधी विचारून येत नाहीत. पाहुणे बसलेले दिसले तर "आधीच हायेत काय? छान!" म्हणत त्यांच्या शेजारी जेवायला बसतात.

मागच्या वर्षी त्यांना जवळच्या हिवरा आश्रम गावचं स्थळ आलं. सुनंदा, शिवणकाम करणारी, नवरा वारलेला. मधुभाऊंना जवळचं कोणी नाही, म्हणून बहिणीच्या नात्याने मी सोबत गेले. मध्यस्थ मामांनी सगळं सांगून शेवटी आवाज खाली आणला, "पण... एक पोरगी आधीच हाये."

सगळे सतरंजीकडे बघू लागले. मीही.

"मंग?" मधुभाऊ म्हणाले. "आधीच हाये हे काय चूक हाये? कुठं हाये पोरगी?"

समीक्षा दाराआड उभी होती, सात-आठ वर्षांची. मधुभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. "मी तुमच्या घरचा होऊ काय? परवानगी हाये?"

"नाही," समीक्षा म्हणाली.

मामा हसले. "लेकराचं काय मनावर घेता? तारीख काढून टाकू."

"नाही मामा. इथं थांबाच लागते," म्हणत मधुभाऊ उठले. नकार कोणत्या प्रकारचा, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही.

परतताना मी त्यांच्यावर चिडले. सुनंदाला ते पसंत होते, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मधुभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ताई, घरी गेल्यावर मले बोलाले कोणी नाही. म्हणून तं बाहेर येवढा बोलतो. मले हे घर पायजेच हाये. पण जोरानं घुसलेलं घर आपलं होते काय?"

मग ते दर रविवारी हिवऱ्याला जाऊ लागले. शिलाई मशीनला तेल दे, समीक्षाच्या सायकलची चेन बसव, आणि परत ये. तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. मला मात्र दर सोमवारी त्यांच्याकडे बघवत नसे.

एका रविवारी माझा ब्लाउज आणायला मीही गेले. सुनंदा आणि समीक्षा आमच्यासोबतच मेहकरच्या बाजाराला निघाल्या. एसटीला तोबा गर्दी. समीक्षाने खिडकीतून रुमाल टाकला आणि लोकांच्या पायांमधून वाट काढत आत पोचली. मधुभाऊ सगळ्यांच्या पिशव्या घेऊन शेवटी चढले. तोवर एक धिप्पाड गृहस्थ त्या जागेवर टेकायला निघाले होते.

"इथं माणूस हाये!" समीक्षा ओरडली.

"कोण हाये इथं?"

"आमचे हायेत. ते पाहा, पिशव्या घेऊन येऊन राह्यले."

मधुभाऊ मधल्या वाटेत थिजले.

"सरका ना पुढं! काऊन थांबले?" कंडक्टर खेकसला.

समीक्षाने सीटवरचा रुमाल उचलला. "बसा ना," ती म्हणाली. "परवानगी हाये."

मधुभाऊ बसले आणि मेहकर येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. समीक्षाने मग तो रुमाल त्यांच्या हातात दिला, कारण त्यांना तो लागत होता. मला जागा मिळालीच नव्हती. मी दांडा धरून उभी होते, पोटभर हसत होते आणि रडतही होते.